दप्तराचें मौन

फ्रान्समध्यें पॅरिसच्या नैर्ऋत्येस सेंत-मेम नांवाचें एक लहानसें गांव आहे. नीस शहरीं १९८४ च्या ऑक्टोबरांत वारलेल्या एका वृद्ध स्त्रीची रक्षा त्या गांवीं, जेथें तिच्या आईबापांचें थडगें आहे तेथें, नेण्यांत आली. थडग्यावर तिचें नांव मात्र कोणीं कोरलें नाहीं. अशीं पंचवीसांहून अधिक वर्षें गेलीं. दगडावर नांव नसणें ही गोष्ट जगांत नवलाची नव्हे. कोट्यवधि माणसें नांवावांचूनच मातींत जातात. परंतु हिचें नांव एके काळीं फ्रान्सच्या वृत्तपत्रांत मोठ्या ठशांत छापलें जात असे, हिचीं छायाचित्रें जाहिरातींत झळकत, आणि ताशीं शंभर मैलांहून अधिक वेगानें मोटार हांकणारी बाई पाहावयास लोकांच्या झुंडी लोटत. तिचें नांव एले नीस.

हें विस्मरण केवळ काळाच्या ओघानें झालें नाहीं. त्याच्या मुळाशीं एक आरोप आहे. आणि त्या आरोपाच्या मुळाशीं काय आहे हें शोधूं लागलें म्हणजे हातीं लागतें तें एक मौन. या मौनाचा अर्थ काय करावा हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय वरवर मोटारींच्या शर्यतीचा दिसला, तरी प्रश्न नीतीचा आहे. जेथें कागद बोलत नाहींत तेथें एका माणसानें दुसऱ्या माणसाविषयीं काय बोलावें, आणि कोठें थांबावें?

या बाईचा माग काढूं लागणारास पहिली अडचण नांवाचीच येते. जन्माच्या नोंदवहींत एले नीस नाहीं. तेथें आहे ती १५ डिसेंबर १९०० रोजीं ओने-सू-ओनो या खेड्यांत, टपालखात्यांतील एका नोकराच्या घरीं जन्मलेली मारिएत एलेन दलांगल. फ्रान्समध्यें राज्यक्रांतीच्या काळीं, १७९२ सालीं, जन्म, विवाह व मृत्यु यांच्या नोंदी धर्मगुरूंच्या हातून काढून सरकारी दप्तरांत आणल्या गेल्या. पुढें जन्माच्या नोंदीच्या समासांतच विवाहाची, आणि १९४५ पासून मृत्यूचीहि, टीप घालण्याची पद्धत पडली. ज्या पानावर मूल जगांत आलें त्याच पानाच्या कडेला तें जगांतून गेल्याचें लिहिलें जातें. दप्तराची ही काटकसर पाहून मन क्षणभर थबकतें. दोन ओळी, आणि त्या दोन ओळींच्या मध्यें जें कांहीं घडलें तें सगळें पानाबाहेर.

महायुद्ध चालू असतां, सोळा-सतरा वर्षांची ही मुलगी पॅरिसला आली, नाचूं लागली, आणि रंगभूमीसाठीं तिनें नवें नांव घेतलें. येथें शोधकाला दप्तर बदलावें लागतें. जन्माच्या वहींतून उठून नाट्यगृहांच्या कार्यक्रमपत्रिकांत शिरावें लागतें. कासिनो द पारी या विख्यात रंगगृहांत ती नाचली. पुढें बर्फावरून घसरण्याच्या खेळांत गुडघ्यास दुखापत झाली आणि नृत्य संपलें. मग १९२९ च्या जूनमध्यें पॅरिसजवळच्या मोंलेरी येथें स्त्रियांसाठीं भरविलेल्या शर्यतींत ओमेगा-सिक्स नांवाची गाडी घेऊन ती उतरली आणि पहिली आली. आतां तिसरें दप्तर: वेळ मोजणाऱ्यांचीं निकालपत्रकें.

त्या काळच्या शर्यतींत दोन प्रकारचे चालक असत. एक कारखान्यांचे, त्यांस गाडी, कारागीर, पगार सर्व कांहीं कारखान्याकडून मिळे. दुसरे स्वतंत्र, स्वतःची गाडी घेऊन, पदरास खार लावून उतरणारे. यांत सरदार होते, सावकार होते, आणि निव्वळ वेगाचें वेड लागलेले सामान्य लोकहि होते. नांव बदलण्याची चाल यांच्यांतहि होती. रॉथशिल्ड या प्रसिद्ध धनिक घराण्यांतील फिलिप हा १९२९ सालीं मोनॅको येथें भरलेल्या पहिल्याच ग्रां प्रीमध्यें ‘झॉर्झ फिलिप’ या नांवानें उतरला होता. आणि ती शर्यत जिंकणारा विल्यम ग्रोव्हर, जो इंग्रज बापाचा व फ्रेंच आईचा मुलगा, तो ‘डब्ल्यू. विल्यम्स’ असें नांव लावीत असे. हा विल्यम्स पुढें आपणांस पुन्हां भेटणार आहे. एले नीस ही काटेकोर अर्थानें हौशी म्हणतां यावयाची नाहीं. जाहिरातींचे व हजेरीचे पैसे तिला मिळत, आणि त्यांची तिला गरजहि होती. परंतु ती स्वतंत्र चालकांतली होती. कारखान्याच्या चालकामागें कारखान्याचा पत्रव्यवहार असतो. तो मेला तरी त्याचे हिशेब जिवंत राहतात. स्वतंत्र चालकाच्या मागें उरते ती निकालपत्रकांतील एक ओळ: नांव, गाडी, फेऱ्या, वेळ, किंवा ‘गाडी बिघडली’ एवढाच शेरा.

ती एक ओळ मात्र मोठी प्रामाणिक असते. मोंलेरी येथील काँक्रीटचा गोल मार्ग १९२४ सालीं बांधला गेला. त्याचीं वळणें बाहेरच्या अंगास भिंतीसारखीं चढत जातात, आणि वेग कमी असतां गाडी त्यांच्या वरच्या कडेला टिकूं शकत नाहीं. त्या मार्गावर १९२९ च्या डिसेंबरांत एले नीसनें बुगाटी गाडी ताशीं १९७ किलोमीटरांहून अधिक वेगानें हांकली आणि स्त्रियांचा विक्रम केला. घड्याळाला चालक पुरुष आहे कीं स्त्री, कुलीन आहे कीं नाचणारी, हें कांहींच ठाऊक नसतें. त्याला खुशामत करतां येत नाहीं आणि निंदाहि करतां येत नाहीं. या बाईविषयीं जगानें पुढें जें जें बोललें त्यांत इतकें निःपक्षपाती असें दुसरें कांहीं नाहीं.

पुढचीं सात वर्षें या ओळींच्या आधारानें बरींच स्पष्ट दिसतात. १९३० सालीं ती अमेरिकेंत जाऊन तेथील मातीच्या मार्गांवर धांवली. १९३१ पासून फ्रान्समधील मोठमोठ्या शर्यतींत पुरुषांच्या बरोबरीनें आपली निळी बुगाटी घेऊन उतरूं लागली. १९३३ च्या सप्टेंबरांत इटलींतील मोंझा येथें एकाच दिवशीं कंपारी, बोर्झाकिनी आणि चायकोव्हस्की असे तीन नामांकित चालक मरण पावले. त्या दिवशीं त्याच मार्गावर तीहि स्पर्धक होती. या धंद्यांत मरण हें पाहुणें नव्हतें, घरचेंच होतें.

आणि मग १२ जुलै १९३६ उजाडला. ब्राझीलमधील साओ पाउलो शहराच्या रस्त्यांवर शर्यत होती. एले नीस आल्फा रोमिओ गाडी घेऊन पुढच्या फळींत होती. शर्यत संपत आली असतां तिची गाडी मार्गावर आलेल्या गवताच्या गठ्ठ्यावर आदळली, उधळली आणि प्रेक्षकांत घुसली. ती स्वतः बाहेर फेंकली गेली, तीन दिवस शुद्धीवर नव्हती, तरी जगली. प्रेक्षकांपैकीं मात्र बहुतेक वृत्तांतांप्रमाणें सहा माणसें मेलीं. कांहीं वृत्तांतांत आंकडा याहून कमी आहे. जखमी तीसांवर होते. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. शेवटीं तिच्याकडे परत यावयाचें आहे.

यानंतर ग्रां प्रींतील तिचें आयुष्य जवळजवळ संपलें. १९३७ सालीं मोंलेरी येथें इतर स्त्रीचालकांबरोबर पाळीपाळीनें दहा दिवस व दहा रात्री एकच गाडी सतत चालवून तिनें सहनशक्तीचे विक्रम केले, एवढें आढळतें. मग दुसरें महायुद्ध आलें; फ्रान्स पडला; निकालपत्रकें थांबलीं. युद्धाच्या उत्तरकाळांत ती नीस शहरीं राहत होती. या वर्षांसाठीं घड्याळ नाहीं.

१९४९ च्या आरंभीं मोंते कार्लोची मोटारयात्रा युद्धानंतर पुन्हां प्रथम भरली. त्या निमित्तानें जमलेल्या मंडळींत, एका मेजवानीच्या वेळीं, लुई शिरों यानें सर्वांसमक्ष एले नीसकडे बोट दाखवून म्हटलें कीं, ही बाई युद्धकाळांत गेस्टापोची हस्तक होती. शिरों हा मोनॅकोचा भूमिपुत्र, त्याच गांवची १९३१ ची ग्रां प्री जिंकलेला, अत्यंत मानाचा चालक. पुरावा त्यानें कांहींच दिला नाहीं. कोणीं मागितलाहि नाहीं. स्नेही दूर झाले, पैसे देणारे आटले, आणि जिचा प्रियकर तिची सर्व कमाई जवळ बाळगून होता तोहि तिला सोडून गेला असें सांगतात. पुढें पस्तीस वर्षें ती जगली. उतारवयांत रंगभूमीवरील निराधार कलावंतांस मदत करणाऱ्या पॅरिसच्या एका धर्मादाय संस्थेच्या साह्यावर तिचा निर्वाह चालला.

तिच्या मृत्यूनंतर मिरांडा सीमूर या इंग्रज लेखिकेनें तिच्या कात्रणवहीवरून, पत्रांवरून आणि सरकारी कागदांवरून तिचें चरित्र लिहिलें. तें २००४ सालीं ‘द बुगाटी क्वीन’ या नांवानें निघालें. या लेखिकेनें जर्मन दप्तरांत तपास केला. एले नीस ही हस्तक होती असें दाखविणारा कागद तेथें मिळाला नाहीं.

येथें आपला खरा प्रश्न सुरू होतो. कागद मिळाला नाहीं. मग काय सिद्ध झालें?

चटकन उत्तर येईल: निर्दोष! परंतु हें उत्तर घाईचें आहे. हेरगिरी हा धंदाच असा कीं त्यांत कागद कमी ठेवतात. पराभव दिसूं लागल्यावर जर्मनांनीं आपलीं कित्येक दप्तरें स्वतःच्या हातांनीं जाळलीं. तेव्हां दप्तरांत नांव नसणें आणि कृत्य न घडणें या दोन गोष्टी एक नव्हेत. हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. ज्यांचे मुलगे, बाप, बायका गेस्टापोच्या तळघरांत मेल्या, त्यांस ‘कागद नाहीं म्हणून पाप नाहीं’ असें सांगणें हा एक प्रकारचा उर्मटपणा होईल.

परंतु मौनाचा हा न्याय दुसऱ्या बाजूसहि लावून पाहावा. मघांचा विल्यम्स आठवतो काय? मोनॅकोची पहिली ग्रां प्री जिंकणारा हा मनुष्य युद्धांत ब्रिटिश सरकारच्या गुप्त सेवेचा अधिकारी होऊन फ्रान्समध्यें उतरला. त्याच्याबरोबर रॉबेर बनुआ हा दुसरा थोर शर्यतपटु काम करूं लागला. विल्यम्स १९४३ च्या ऑगस्टांत पकडला गेला आणि साक्सनहाउझनच्या छावणींत मारला गेला. बनुआस १९४४ सालीं बुखेनवाल्ड येथें मारलें. आतां अशी कल्पना करा कीं, १९४२ सालीं पॅरिसमधील एखाद्या शेजाऱ्यानें या दोघांविषयीं चौकशी केली असती. त्याच्या हातीं काय लागलें असतें? दोन जुने चालक निवांत बसले आहेत, देश बुडाला आहे, आणि यांचें मात्र बरें चाललें आहे, एवढेंच. देशासाठीं ते जें करीत होते त्याचा कागद मिळणें शक्य नव्हतें, आणि ब्रिटिश सरकारनेंहि अशा कामगिरीचीं दप्तरें पुढें कित्येक दशकें बंदच ठेवलीं. दप्तराच्या मौनांत विश्वासघात लपूं शकतो हें जितकें खरें, तितकेंच त्यांत शौर्यहि लपूं शकतें हें खरें. रिकामें पान कोणाचाच साक्षीदार नव्हे. त्याला आपण साक्षीस उभें करतों तेव्हां तें आपल्याच मनांतलें बोलतें.

मग प्रश्न पुराव्याच्या ओझ्याचा उरतो. तें ओझें कोणीं वाहावें? न्यायालयाचा नियम असा कीं, म्हणणारानें सिद्ध करावें. कोणी म्हणेल, हा नियम न्यायालयापुरता. इतिहासाला संभवहि मांडतां येतो, आणि समाजाला संशयहि बाळगतां येतो. हें मान्य करूं. पण न्यायालयाबाहेर हा नियम सैल नव्हे, उलट अधिकच घट्ट पाहिजे, असें मला वाटतें. आणि याचें कारण साधें आहे. न्यायालयांत आरोपाला तारीख असते, आरोपीला उत्तराची संधि असते, निकालावर अपील असतें, आणि शिक्षेला मुदत असते. मेजवानींतल्या आरोपाला यांतलें एकहि नसतें. त्या काळचा फ्रान्स या फरकाचें भयंकर उदाहरण आहे. मुक्तीनंतर तेथील न्यायालयांनीं शत्रूशीं संगनमताबद्दल सहा हजारांहून अधिक मृत्युदंड ठोठावले, पण प्रत्यक्ष अंमलांत आणले ते आठशेंहूनहि कमी. न्यायालयावांचून मात्र सुमारें नऊ हजार माणसें मारलीं गेलीं असें इतिहासकार मानतात. जर्मनांशीं संबंध ठेवल्याच्या आरोपावरून सुमारें वीस हजार स्त्रियांचीं डोकीं भादरलीं गेलीं, तींहि बहुधा चव्हाट्यावर. जेथें कागद तपासले गेले तेथें दया शिरूं शकली. जेथें बोट दाखविणें पुरेसें झालें तेथें ती शिरूं शकली नाहीं.

आरोपाचा आणखी एक धर्म आहे. तो फार काळ आरोपाच्या रूपांत राहत नाहीं; त्याचें माहितींत रूपांतर होतें. आपल्या भाषेंत ‘ध चा मा करणें’ हा शब्दप्रयोग आहे. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ‘धरावें’ या शब्दाचें ‘मारावें’ आनंदीबाईनें केलें अशी आख्यायिका रूढ झाली. ती खरी कीं खोटी या वादांत येथें शिरावयाचें नाहीं. पण हा शब्दप्रयोग करतांना तें पत्र कोणीं पाहिलें, कोठें आहे, असें आपल्यापैकीं कितीजण विचारतात? एकदां गोष्ट भाषेंत रुजली कीं खटला संपला. मग पुराव्याची आठवणहि कोणास होत नाहीं. एले नीसच्या बाबतींत इतकेंहि झालें नाहीं. तिच्यावर म्हण बनली नाहीं. तिचें नांवच घेणें बंद झालें. म्हण निदान माणसाला जिवंत ठेवते.

आतां न्यायाचें दुसरें पारडें. तिच्या बाजूनें मन कळवळूं लागलें म्हणजे शिरोंला मत्सरी, खोटारडा ठरविण्याचा मोह अनावर होतो. तो १९३६ सालीं मर्सिडीस या जर्मन कारखान्याच्या चमूंत होता, आणि त्या चमूला हिटलरच्या सरकारचा पैसा मिळत असे. एवढें सांगितलें तरी वाचकाच्या मनांत संशयाचा कोंब फुटावयास पुरेसें होईल. पण थांबा. ही गोष्ट मीं मुद्दाम येथें घातली. ती खरी आहे, आणि तिच्यावरून त्याच्याविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं. त्या काळीं अनेक देशांचे चालक जर्मन गाड्या चालवीत. परंतु पाहा, दोन ओळींत आणि एकहि असत्य शब्द न उच्चारतां, एका मृत माणसाभोंवतीं धूर करतां येतो! शिरोंनें जें म्हटलें तें द्वेषानें, कीं कोणाच्या सांगण्यावर विश्वासून, कीं मेजवानीच्या भरांत, हें ठरविण्याचें साधन आपल्याजवळ नाहीं. जो नियम तिला लावावयाचा तोच त्याला लावला पाहिजे. आपण एवढेंच म्हणूं शकतों: त्यानें आरोप केला, पुरावा दिला नाहीं, आणि तसें करणें हें, आरोप खरा असता तरीहि, चूक होतें. खरें बोलणारालाहि खरेपणा दाखविण्याची जबाबदारी चुकत नाहीं. त्यास न्यायाधिकाऱ्यापुढें जातां आलें असतें. तो गेला मेजवानींत.

शिरोंचें नांव आज मोनॅकोच्या शर्यतीच्या मार्गावरील एका वळणाला आहे, आणि तो थोर चालक होता म्हणून तें योग्यहि आहे. आक्षेप त्याच्या नांवाला नाहीं. दुसरें नांव पुसलें गेलें त्या रीतीला आहे.

हें सर्व दूरदेशचें आहे असें वाटेल. पण आपल्या घरांकडे जरा पाहावें. ‘त्याचें नांव काढूं नका’ असें ज्याच्याविषयीं वडीलधाऱ्यांनीं सांगितलें असा एखादा काका, एखादी आत्या, बहुतेक कुटुंबांत असते. काय केलें होतें म्हणून विचारलें तर उत्तर मिळतें, ‘असेल कांहींतरी, उगाच का लोक बोलतील?’ हें एक वाक्य किती माणसांचें थडगें आहे! ज्यानें पहिल्यानें बोललें तो गेला, ज्यांनीं ऐकलें ते गेले, आणि आपण, ज्यांस त्यांतलें कांहींएक ठाऊक नाहीं, ती शिक्षा इमानानें पुढें चालवीत असतों. समजुतीनें वागणाऱ्या, सुशिक्षित घरांतूनच हें अधिक निष्ठेनें चालतें. कारण तेथें कोणी भांडत नाहीं, केवळ बोलावणें बंद होतें.

अशा वेळीं ‘मला ठाऊक नाहीं’ हें म्हणणें दुबळेपणाचें वाटतें. मला तें न्यायाचें पहिलें पाऊल वाटतें. मात्र तें म्हणून स्वस्थ बसावयाचें नाहीं. ज्याला ठाऊक नाहीं त्यानें शिक्षेंतहि भाग घेऊं नये. त्या आत्याला पत्र लिहावें, त्या काकाला लग्नाचें आमंत्रण धाडावें. ज्ञान जेथें संपतें तेथें वागणुकींतला कडकपणाहि संपला पाहिजे.

येथें हा लेख संपवितां आला असता. पण मागें साओ पाउलोची गोष्ट लक्षांत ठेवावयास सांगितलें होतें. एले नीसचा वृत्तांत प्रथम वाचतांना तिच्यासाठीं माझें मन इतकें ओढलें गेलें कीं, ‘ती तीन दिवस बेशुद्ध होती, पण जगली’ हें वाचून मीं सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्याच वाक्यांतील ‘सहा माणसें मेलीं’ हे शब्द डोळ्यांखालून आंकड्यासारखे निघून गेले. दुसऱ्या वाचनांत मी तेथें अडलों. ती माणसें रविवारीं शर्यत पाहावयास आलेलीं. त्यांचाहि जन्म कोठल्या तरी वहींत लिहिलेला असेल. एका विसरलेल्या आयुष्याला न्याय मिळावा म्हणून शोध घेतांना आपण त्याच पानावरच्या सहा आयुष्यांवरून पाय देऊन पुढें गेलों. आणि त्यांचा आंकडा तरी सर्वत्र एक कोठें आहे? त्या अपघाताचा दोष तिचा नव्हता असें मानलें तरी तेवढ्यानें हें ऋण फिटत नाहीं. शोधकाची करुणा ही दिव्यासारखी असते. ज्याच्यावर प्रकाश पडतो तो उजळतो, आणि शेजारचा अंधार अधिक दाट होतो.

म्हणून या बाईला देवता करण्याची इच्छाहि आवरली पाहिजे. दोषाचा पुरावा नाहीं म्हणून तिला हुतात्मा ठरविणें म्हणजे रिकाम्या पानावर पुन्हां आपल्याच हातानें लिहिणें होय. शाई तेवढी बदलली. तिच्याविषयीं जें ठाऊक आहे तें थोडें असलें तरी भक्कम आहे: ती खेड्यांत जन्मली, नाचली, वेगानें मोटार हांकली, अनेकांना हरविलें, अनेकांकडून हरली, एका अपघातांतून वांचली ज्यांत इतर वांचले नाहींत, पुराव्यावांचून दूषित झाली, आणि दारिद्र्यांत वारली. युद्धकाळच्या तिच्या वागण्याविषयीं दप्तरांत कांहीं सांपडलें नाहीं. एवढें सगळें एका दमांत सांगतां आलें पाहिजे, आणि एवढ्यावर थांबतां आलें पाहिजे.

२०१० सालीं, तिच्या स्मृतीसाठीं झटणाऱ्या कांहीं लोकांनीं सेंत-मेमच्या त्या थडग्यावर तिच्या नांवाची पाटी बसविली. ज्या नावानें घड्याळानें तिला ओळखलें तें नांव आतां तेथें आहे. त्या पाटीनें ती निर्दोष ठरत नाहीं, आणि तसा दावा करण्याचें पाटीला कारणहि नाहीं. आईबापांच्या थडग्याशीं कोणाची रक्षा आली आहे एवढें येणाराजाणारास कळावें, हें कोणाहि माणसाचें मागणें आहे. तें पुरें करावयास तिच्या निर्दोषित्वाचा निकाल लागण्याची वाट पाहावयास नको होती.